बसलेली मोटार

दिवाळी आली की घरोघरी माळ्यावरची भांडी खाली उतरतात. तांब्याचा बंब, पितळी समया, कधी काळी लग्नात आलेले घंगाळ अशी सगळी मंडळी अंगणात ओळीने बसतात, चिंच आणि राख लावून घेतात, चार दिवस मिरवतात आणि भाऊबीज झाली की पुन्हा माळ्यावर जातात. आमच्या घरी हा सोहळा चालू असताना मी सहसा चिवड्याच्या डब्याच्या आसपास असतो. पण गेल्या दोन दिवाळ्या मला हे सुख लाभले नाही. शिरपूरला, मामांच्या जुन्या वखारीत, जमिनीवर पोते अंथरून मी उताणा पडलो होतो आणि एका मोटारीच्या पोटाखालचे जग पाहत होतो.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी यंत्रविद्या ठाऊक आहे. घरचा फ्यूज उडाला तर मी प्रथम मेणबत्ती शोधतो आणि मग शेजाऱ्यांना हाक मारतो. अशा माणसाने मोटार दुरुस्त करायला जावे हे नवलच. पण हाक मामांची होती आणि भाच्याला मामाची हाक मोडता येत नाही.

शिरपूर आपल्यापैकी पुष्कळांनी मोटारीच्या खिडकीतून पाहिलेले असेल. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे मागे टाकले, सावळद्याजवळ तापी ओलांडली की पुढे शिरपूर. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, गावाशेजारून वाहणारी अरुणावती आणि सभोवार कापसाचा मुलूख. मामांचे घर जुन्या कापूसवाल्यांचे. पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, मागे वखार. त्या वखारीत १९८४ सालापासून एक मोटार ताडपत्रीखाली झोपली होती.

मोटार इंग्लिश, एम.जी. कंपनीची, 'टी.सी.' नावाची, १९४८ सालची. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, सायकलीसारख्या आऱ्यांच्या उंच चाकांची. तरुणपणी मामा मुंबईत कॉटन ग्रीनला एका पेढीवर नोकरीला होते. तिथे १९६६ साली एका पारशी गृहस्थाकडून त्यांनी ती जुनी म्हणून विकत घेतली आणि कसाऱ्याचा घाट चढवून, नाशिक-मालेगावच्या वाटेने स्वतः चालवत शिरपूरला आणली. आजोबांनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "यात कापसाच्या गासड्या किती मावतात?" मामांनी खाली मान घालून सांगितले, "एकही नाही." त्यानंतर महिनाभर बापलेकांचे बोलणे बंद होते म्हणतात.

मग १९६८ साली मामांचे लग्न झाले. अमळनेरहून वरात निघाली ती याच मोटारीतून. जागा दोघांचीच, त्यामुळे करवलीला वऱ्हाडाच्या ट्रकमधून यावे लागले. ती करवली म्हणजे माझी आई. हा अपमान ती शेवटपर्यंत विसरली नाही.

मामींना मात्र मोटारीचा लळा लागला. मामा नाक उघडून इंजिनात डोके घालत, तेव्हा बॅटरी धरायला मामी उभ्या असत. कोणता पाना हवा हे मामांनी तोंड उघडण्याआधी त्यांना समजे. पुढे मुले झाली, संसाराला चार दारांची अँबॅसिडर आली आणि टी.सी. वखारीत गेली. "पुढच्या उन्हाळ्यात काढू" असे म्हणता म्हणता उन्हाळे निघून गेले. चार वर्षांपूर्वी मामी गेल्या. मामा झोपाळ्यावर बसू लागले ते बसलेच. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. पाय ठीक, डोळे ठीक, पण उठायचे कशाला, हा त्यांचा प्रश्न. त्याला कोणाकडे उत्तर नव्हते.

अशा वेळी मुलांनी मोटारीचा विषय काढला. एक मुलगा पुण्याला, एक न्यू जर्सीला. दोघेही भले, वडिलांची काळजी करणारे. त्यांचे म्हणणे सरळ होते: वखार पडायला आली आहे, मोटारीला वाळवी लागते आहे, तर चांगली किंमत येते आहे तोवर विकून टाकावी. मुंबईचे एक हौशी गिऱ्हाईकही त्यांनी शोधले होते. मामा एवढेच म्हणाले, "ती या घरात स्वतःच्या चाकांवर आली. जायची तर तशीच जाईल. दोरी बांधून नेऊ देणार नाही." आणि मला बोलावणे आले.

मामांनी पहिल्या दिवशी गावातल्या जुन्या मिस्तरींना बोलावले. हे एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी ताडपत्री दूर केली, विडी विझवून कानावर ठेवली आणि पुरा अर्धा तास ते मोटारीभोवती फिरले. कुठे बोटाने टकटक केले, कुठे वास घेतला. मग अहिराणीत म्हणाले, "बापू, गाडी बिघडेल नही शे. बठेल शे."

बिघडलेली नाही, बसलेली आहे. त्यांनी हे मोटारीकडे पाहून म्हटले. पण ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्यांची करकर तेवढ्यापुरती थांबली, हे मी ऐकले.

चालणारे यंत्र झिजते हे आपण सारेच जाणतो. बसलेले यंत्र कसे खराब होते, हे मला वखारीत समजले. तेल खाली उतरते आणि वरचे भाग कोरडे पडतात. कोरड्या लोखंडावर हवेतला ओलावा बसून गंज धरतो. दट्ट्याच्या कड्या सिलिंडरला चिकटतात. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि त्याच्या जागी वार्निशासारखा चिकट थर राहतो. ब्रेकच्या रबरी वाट्या कडक होतात. अशा इंजिनाला बॅटरी जोडून एकदम बटण दाबले तर चिकटलेल्या कड्या तुटतात आणि सिलिंडरला चरे पडतात. म्हणून मिस्तरींचा पहिला हुकूम असा, की आठ दिवस कोणी काही करायचे नाही. चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ तेल सोडायचे आणि थांबायचे. मी रोज सकाळी शिशुला औषध द्यावे तसे चमच्याने तेल पाजत होतो. नवव्या दिवशी मिस्तरींनी पुढून हँडल लावले आणि हलक्या हाताने रेटले. प्रथम काही नाही. मग खोलवर कुठे तरी 'चुक्' असा आवाज झाला आणि इंजिन बोटभर फिरले. मामा झोपाळ्यावरून उठून वखारीच्या दारापर्यंत आले होते.

ही मोटार जिथून आली ते घराणे मोठे गमतीचे आहे. विल्यम मॉरिस नावाचा ऑक्सफर्डचा मुलगा सायकली दुरुस्त करता करता मोटारी बांधू लागला आणि पुढे लॉर्ड नफील्ड झाला. त्याचे ऑक्सफर्डला 'मॉरिस गॅरेजेस' नावाचे मोटारविक्रीचे दुकान होते. त्याच नावाची आद्याक्षरे म्हणजे एम.जी. या दुकानाचा व्यवस्थापक म्हणून १९२२ साली सेसिल किंबर नावाचा माणूस आला. मॉरिसच्या साध्यासुध्या मोटारींना त्याने देखण्या, चपळ बॉड्या चढवल्या आणि त्यांतून ही अष्टकोनी बिल्ल्याची मोटार जन्माला आली. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डन या गावी गेला. 'जलद पण सुखरूप' अशा अर्थाचे त्यांचे ब्रीद होते. किंबरला मात्र १९४१ साली कंपनी सोडावी लागली आणि १९४५ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात रेल्वेच्या अपघातात तो गेला. त्याच वर्षी बाजारात आलेली टी.सी. त्याला पाहायला मिळाली नाही.

महायुद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती. जो कारखाना माल परदेशी धाडील त्याला पोलाद आधी, असा सरकारचा दंडक. त्यामुळे १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या सुमारे १०,००० टी.सी.पैकी पुष्कळशा समुद्रापार गेल्या. सुमारे २,००० अमेरिकेला पोचल्या आणि तिथल्या तरुणांना तिने वेड लावले. काही मुंबईच्या बंदरात उतरल्या. मात्र स्वतंत्र भारताचे धोरण देशी कारखानदारीचे होते. १९५० नंतरच्या दशकात परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. मग ज्यांच्या मोटारी टिकल्या त्या मिस्तरींच्या अकलेवर टिकल्या. अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली, म्हणजे याच घराण्यातली. एस.टी. सांभाळता सांभाळता फावल्या वेळात अँबॅसिडरी दुरुस्त केलेल्या आमच्या मिस्तरींना या इंग्लिश बाईचे कार्ब्युरेटर पाहताच ओळख पटली. "ही तर अँबॅसिडरची मावशी," ते म्हणाले.

पण मावशीचे काही हट्ट त्यांनाही ठाऊक नव्हते आणि त्यातल्या एका हट्टाने माझी पुरती फजिती केली.

पाण्याच्या पंपाचे दोन बोल्ट गंजून गेले होते. मिस्तरींचा जुना इंग्लिश मापाचा, म्हणजे व्हिटवर्थ पाना त्यांच्या डोक्यांवर चपखल बसत होता. मी मोठ्या उत्साहाने त्याच मापाचे बोल्ट धुळ्याहून शोधून आणले. व्हिटवर्थचा ५/१६ इंची बोल्ट. दोन वेढे सुरेख बसला. तिसऱ्याला घट्ट लागला. मिस्तरी बाहेर चहाला गेले होते. मी जोर केला. 'करर्' असा आवाज झाला आणि इंजिनाच्या भोकातले आटे भुगा होऊन पडले.

मिस्तरी परत आले, त्यांनी भुगा बोटावर घेतला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

कोडे उलगडले ते मामांच्या नातीने. ही मुलीची मुलगी, शिरपुरातच अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. तोवर ती वखारीत फक्त चहा घेऊन येत असे. तिने मामांच्या कपाटातले मोटारीचे जुने पुस्तक काढले, व्हर्नियरने उरलेला बोल्ट मोजला आणि हसू लागली. बोल्टाचे डोके इंग्लिश होते आणि आटे फ्रेंच!

त्याची कथा अशी. पहिल्या महायुद्धात हॉचकिस नावाच्या फ्रेंच शस्त्र-कंपनीने इंग्लंडात कॉव्हेंट्रीला एक कारखाना काढला आणि यंत्रे आपल्या मापाची, म्हणजे मिलिमीटरची बसवली. युद्ध संपले, तोफांची गरज सरली. कारखाना मॉरिससाठी इंजिने करू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो विकतच घेतला. यंत्रे बदलणे खर्चाचे. म्हणून आटे मिलिमीटरचेच राहिले. पण इंग्लिश मिस्तरींकडे पाने इंचाचे, तेव्हा बोल्टांची डोकी इंचाची केली. हा सोयीचा संसार पंचवीस-तीस वर्षे चालला आणि टी.सी.च्या इंजिनापर्यंत आला. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, भोक ८ मिलिमीटरचे. म्हणून माझा बोल्ट आत शिरला. पण भोकातल्या आट्यांचे अंतर १ मिलिमीटर आणि माझ्या बोल्टाचे जवळजवळ दीड. बाजारात नेहमी मिळणारा ८ मिलिमीटरचा बोल्ट आणला असता तरी गत तीच. त्याचे अंतर सव्वा मिलिमीटर असते.

मिस्तरींनी भोक मोठे करून त्यात नवे बूश बसवले, गावातल्या टर्नरकडे लेथवर १ मिलिमीटर अंतराचे बोल्ट कातून घेतले, वर षट्कोनी डोकी जुन्या पान्याच्या मापाची काढली. त्या दिवसापासून नातीने एक वही घातली. कोणता बोल्ट कोठला, जाडी किती, आट्यांचे अंतर किती, कोणता पाना लागतो, मिस्तरींनी कोणती युक्ती केली, सारे तारीखवार. मिस्तरींचे अक्षरज्ञान बेताचे. पण संध्याकाळी वही वाचून दाखवल्याशिवाय ते घरी जात नसत. एखादी गोष्ट चुकीची लिहिलेली आढळली की खूश होत.

इंजिनाचे असे झाले. सांगाड्याची गोष्ट निराळी. बाहेरून या मोटारीला पत्रा दिसतो, पण पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते. इंग्लंडात त्यासाठी ॲश नावाच्या झाडाचे लाकूड वापरीत. क्रिकेटच्या स्टंपा ज्याच्या करतात तेच. चिवट, धक्का सोसणारे. खानदेशच्या उन्हाने ते वाळले होते आणि डाव्या दाराचा खांब वाळवीने आतून पोकळ केला होता. मी सागवान सुचवले. सुतारबुवांनी माझ्याकडे दयेने पाहिले. सागवान दाराखिडक्यांना; धक्के खाणाऱ्या कामाला ते ठिसूळ. बैलगाडीच्या दांड्यांना सातपुड्यातले लोक तिवसाचे लाकूड घेतात. ते वाकते, पण मोडत नाही. पण चांगले मुरलेले तिवस आणायचे कोठून?

ते वखारीतच होते. कोपऱ्यात आमच्या आजीची दमणी, म्हणजे बसायची बैलगाडी, पडून होती. चाके केव्हाच गेली होती. दांड्या मात्र तशाच होत्या. सुतारबुवांनी नखाने खरवडून पाहिले आणि मामांकडे पाहिले. मामा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईला ही मोटार कधी आवडली नाही. पण घ्या. तिचे लाकूड आहे, कुरकुर करील, मोडणार नाही." अशी आजीची दमणी सुनेच्या मोटारीच्या दारात जाऊन बसली.

चाकांचे काम सायकलवाल्याने केले. मोटारीच्या चाकाचा 'आउट' काढायचा म्हणजे आपली छाती नाही, असे तो प्रथम म्हणाला. लॉर्ड नफील्डने सायकलीच्या दुकानातूनच सुरुवात केली, हे मी त्याला सांगितले. त्याचा विश्वास बसला की नाही कोण जाणे, पण त्याने दोन दिवस खपून आरा न् आरा ताणला आणि चाके अशी फिरवून दाखवली की रिम डोळ्यांना स्थिर वाटावी. टायर १९ इंची. कोणी म्हणाले, बुलेटचे बसेल. मापाने बसेलही, पण मोटारीचे वजन त्यावर घालणे म्हणजे जिवाशी खेळ. योग्य मापाचे टायर, ब्रेकच्या वाट्या आणि गॅस्केटे परदेशाहून मागवली. या मोटारींचे शौकीन जगभर आहेत. त्यांचा क्लब १९३० पासून चालू आहे आणि त्यांच्याच भरवशावर आजही तिचे भाग नव्याने बनतात. पार्सलाची किंमत आणि त्यावरची जकात पाहून मी मामांची फळाफुलांची एक वाडी कशी विकली जाईल याचा हिशेब करू लागलो. मामांनी तो कागद माझ्या हातून घेतला आणि त्यावर वंगणाचे बोट पुसले.

नातीने आणखी एक संकट टाळले. मिस्तरींचा तरुण शागीर्द नवी बॅटरी जोडायला निघाला होता. आजच्या मोटारींत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडतात. या मोटारीत धन टोक जोडायचे असते. उलटी जोडली असती तर डायनॅमो आणि कट-आउट यांची वाट लागली असती. तिने "थांब!" म्हणून त्याचा हात धरला, पुस्तक उघडले आणि बॅटरीच्या खोक्यावर लाल रंगाने 'धन जमिनीला' असे लिहून टाकले. पेट्रोलाच्या रबरी नळ्याही तिनेच बदलायला लावल्या. २०२५ पर्यंत देशात सर्वत्र पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळलेले मिळू लागले. जुन्या जातीचे रबर ते सोसत नाही आणि बसलेल्या टाकीत ते पाणी धरते. तेव्हा टाकी भरून ठेवून विसरायचे दिवस गेले. थोडे घालावे आणि फिरवून संपवावे.

यंदाच्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. पाने, लेथवर कातलेले बोल्ट, नातीची वही, सगळ्यांना हळदकुंकू वाहिले. मग मिस्तरींनी प्लग काढून ठेवले आणि शागिर्दाला हँडल फिरवायला सांगितले. सगळ्यांची नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावर. काटा शून्यावर. पन्नास वेढे झाले, काटा हलेना. माझ्यासारख्याने प्लग लावून बटण दाबले असते. मिस्तरींनी हात वर केला. बसलेल्या इंजिनाच्या पंपात हवा भरते आणि पंप तेल ओढणे विसरतो. त्याला आधी वरून तेल पाजावे लागते. त्यांनी पंपावरची डोळी उघडून पिचकारीने तेल भरले. पुन्हा हँडल. बाराव्या वेढ्याला काटा थरथरला आणि उठला.

प्लग बसले. किल्ली फिरवताच पेट्रोलचा विजेचा पंप वाजू लागला. टिक्, टिक्, टिक्. भिंतीवरची पाल चुकचुकावी तसा. मामा वखारीच्या मधोमध उभे होते. तो आवाज ऐकताच त्यांचा हात नकळत बाजूला पुढे झाला, जणू कोणी पाना देणार आहे. नातीने तिच्या हातातला पाना त्यांच्या तळव्यावर ठेवला. लागणार नव्हता, पण त्यांनी तो घट्ट धरला.

इंजिन दुसऱ्या बटणाला लागले. आधी निळा धूर, खोकला, चाळीस वर्षांची धूळ. मग हळूहळू चारही सिलिंडर एका सुरात आले. दोन कार्ब्युरेटरांचा मेळ घालायला मिस्तरींनी रबरी नळीचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे एकेका तोंडाशी धरून दोन्हींकडून हवा ओढल्याचा आवाज सारखा येईतो स्क्रू फिरवले. मग नळी नातीच्या कानाला लावली. "आता तू सांग, कोणता जास्त ओढतो?"

दसऱ्याला पुण्याचा मुलगा आला होता. सोने वाटून झाल्यावर मामा चाकामागे बसले, शेजारी मिस्तरींना बसवले आणि सावळद्याच्या पुलापर्यंत जाऊन आले. मागून आम्ही दुसऱ्या मोटारीत. एके काळची दुपदरी सडक आता केवढा तरी रुंद महामार्ग झाली आहे. ट्रक शिंगे फुंकीत बाजूने जात होते. ५४ अश्वशक्तीची ही बाई, म्हणजे आजच्या लहानशा मोटारीहूनही कमी जोराची. पण चालली अशी की जणू रस्ता तिच्याचसाठी केला आहे. परतताना चहाला थांबलो. शेजारी एक भलीमोठी, चकचकीत, नवी एम.जी. उभी होती. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला, नाव पुढे चिनी कंपनीकडे गेले आणि २०१९ पासून गुजरातेत हलोलला त्या नावाच्या मोटारी बनू लागल्या. त्या मोटारीतून एक शाळकरी मुलगा उतरला. दोन्हींच्या नाकावरचा अष्टकोनी बिल्ला त्याने पाहिला आणि विचारले, "आजोबा, ही पण आमच्याच कंपनीची?"

मामा म्हणाले, "नाही बाळ, तुमची आमच्या कंपनीची."

दुसऱ्या दिवशी मुंबईचे गिऱ्हाईक आले. सभ्य गृहस्थ, कागदपत्रांची खडान्खडा माहिती. सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले आहेत: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको, रोजच्या वापराला मनाई, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायला हरकत नाही. हे सारे त्यांनीच समजावून सांगितले. किंमतही भरभक्कम सांगितली. मामांनी विचारले, "चालवणार ना?" गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही. हॉटेलच्या दिवाणखान्यात ठेवायची आहे, काचेत. तेल-पाणी काढून टाकू, नाही तर फरशीवर डाग पडतात."

मामांनी त्यांना आग्रहाने जेवायला घातले आणि विचार करून कळवतो म्हणाले. संध्याकाळी न्यू जर्सीच्या मुलाचा फोन आला. किंमत ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "बाबा, आधी पंप ऐकवा." नातीने फोन मोटारीजवळ धरला. टिक्, टिक्, टिक्. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. विक्रीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. निघणारच नाही असे मात्र मी म्हणत नाही. मामा पंचाऐंशीचे होतील, वखार जुनी आहे, पैसा सर्वांना लागतो. मुले चुकीची नाहीत. मिस्तरींनी मात्र एक अट घातली आहे: मोटार कोणाचीही असो, दर रविवारी ती पुरती गरम होईपर्यंत फिरली पाहिजे. या अटीचे पालन करण्यासाठी मामा आता रोज सकाळी वखारीत जातात, कारण रविवारची तयारी सोमवारपासून करावी लागते. झोपाळा बहुधा रिकामा असतो. दुपारी त्यावर मांजर झोपते.

हा मजकूर लिहीत असताना आमच्या घरचा बंब घासून झाला आहे आणि माळ्यावर जाण्याची वाट पाहत आहे. मी सौभाग्यवतींना सुचवले, की यंदा नरकचतुर्दशीचे पाणी यातच तापवू. "धूर होईल," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "कोळसे आणा."

एवढ्यात शिरपूरहून निरोप आला. दिवाळीच्या शुभेच्छा वगैरे काही नाही. "रविवारी ये. प्लग साफ करायचे आहेत. बोल्ट आणू नकोस."